दांडी कोणाच्या हाती?

1636 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या एका पुस्तकात सेकोंदो लान्सेलॉत्ती या इटालियन मठाधिपतीनं एक ऐकीव हकिगत नमूद केली आहे. डान्झिगच्या, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या, अँटन म्युलर नावाच्या माणसानं साधारण पन्नास वर्षांपूर्वी आपल्या शहरात एक अजब यंत्र पाहिलं होतं. त्यावर एका वेळी चार ते सहा फिती विणून निघत. नगराच्या कारभाऱ्यांना धास्ती वाटली, की हे यंत्र चालू राहिलं तर असंख्य विणकर रस्त्यावर येतील. त्यांनी यंत्र दडपून टाकलं आणि ते बनवणाऱ्याला गुपचूप गळा आवळून किंवा पाण्यात बुडवून मारलं.

मारण्याची नेमकी रीत सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही, यावरून ही हकिगत किती तोंडांतून फिरून आली असेल ते कळतं. पुढच्या काळातल्या पुस्तकांनी तर आणखी कमाल केली. मूळ मजकुरात म्युलर हा यंत्र पाहणारा. नंतरच्या कित्येक लेखकांनी त्यालाच यंत्राचा जनक करून टाकलं आणि मारूनही टाकलं. माझ्यापुरतं सांगायचं तर या खुनावर माझा फारसा विश्वास नाही. पण अशी गोष्ट पसरावी आणि लोकांना ती खरी वाटावी, याला कारण होतं. त्यानंतरची पावणेदोनशे वर्षं युरोपातली शहरं, राजे आणि एक सम्राटसुद्धा या एका मागाच्या मागे हात धुऊन लागले होते. तेही मुलींच्या वेणीला, टोपीला नि झग्याच्या कडेला लावायच्या फितीसाठी.

कापडाच्या यंत्रयुगाची गोष्ट आपण शाळेत शिकतो ती अठराव्या शतकातल्या इंग्लंडपासून. 1733 मध्ये जॉन के याचा धावता धोटा, मग सूतकताईची यंत्रं, 1785 मध्ये कार्टराइटचा यंत्रमाग. पण एका माणसानं एक दांडी मागेपुढे करावी आणि सबंध माग आपोआप विणत राहावा, ही करामत फितीच्या मागानं त्याआधी शे-दीडशे वर्षं करून दाखवली होती. कार्ल मार्क्सच्या हे नेमकं लक्षात आलं. 1867 च्या ‘कॅपिटल’मध्ये कामगार आणि यंत्र यांच्या झगड्याबद्दल लिहिताना तो सुरुवातच फितीच्या मागापासून करतो आणि पुढच्या साऱ्या यंत्रमागांचा पूर्वज म्हणून त्याच्याकडे बोट दाखवतो.

हा मान फितीला का मिळाला, याचं उत्तर तिच्या रुंदीत आहे. रुंद कापड विणताना ताण्याचे निम्मे धागे वर उचलले जातात, निम्मे खाली राहतात आणि मधल्या फटीतून बाणा घेऊन धोटा जातो. विणकर एका हातानं धोटा फेकतो नि दुसऱ्या हातानं झेलतो. मधल्या वाटेत धोटा कोणाच्याच ताब्यात नसतो. जोर कमी पडला तर तो मध्येच अडकतो, जास्त झाला तर बाहेर उडतो. यंत्राला हे फेकणं-झेलणं शिकवायला माणसाला फार उशीर लागला. फितीचं तसं नाही. ती दोन बोटं रुंद, धोटा तिच्यापेक्षा लांब. धोट्याचं शेपूट एका बाजूच्या खोबणीतून सुटण्याआधीच त्याचं टोक पलीकडच्या खोबणीत शिरलेलं असतं. त्याला फेकावं लागत नाही. नुसतं सरकवलं तरी पुरे. जी वस्तू सरकवता येते ती खुंटीनं सरकवता येते, दातेरी पट्टीनं सरकवता येते. एक सरकवता आली की त्याच पट्टीवर शेजारी-शेजारी दहा-वीसही सरकवता येतात.

एवढी एक गोष्ट कळली की बाकीचा माग समजायला सोपा आहे. फणीच्या आडव्या चौकटीत ओळीनं धोटे बसवायचे, प्रत्येक धोट्यासमोर एका फितीचा ताणा ताणायचा, आणि सगळे धोटे एकाच फटक्यात उजवीकडे, पुढच्या फटक्यात डावीकडे न्यायचे. सुरुवातीच्या मागांवर धागे वरखाली करायला पायाखाली पट्ट्या असत आणि धोटे हातानं हलवावे लागत. सुधारणा होत गेल्या तशी ही सगळी कामं एका दांडीला येऊन मिळाली. विणकरासमोर छातीच्या उंचीवर आडवी दांडी. ती ढकलली-ओढली की तिला जोडलेल्या दट्ट्या आणि चाकं ताणा उघडतात, धोटे सरकवतात, फणी ठोकतात आणि विणलेली फीत गुंडाळून घेतात. फ्रान्समध्ये या मागाचं नावच ‘दांडीचा माग’ असं पडलं. मार्क्सनं नोंदवलं आहे, की अजिबात न शिकलेला पोरगाही तो चालवू शकत असे आणि सुधारलेल्या मागावर एका वेळी चाळीस ते पन्नास फिती निघत.

आता गिल्डमधल्या, म्हणजे कारागिरांच्या संघातल्या, विणकराच्या जागी बसून विचार करा. सात वर्षं उमेदवारी करायची, मग कारागीर व्हायचं, शेवटी जमलं तर स्वतःचं दुकान थाटायचं. हातात एक माग, त्यावर एका वेळी एक फीत. आणि शेजारच्या गल्लीत कोणा परक्या माणसानं आणलेल्या लाकडी चौकटीसमोर उभं राहून एक पोरगा वीस-वीस फिती काढतो आहे. त्याचा संताप मला तरी अडाणीपणाचा वाटत नाही. त्याचं गणित बरोबर होतं.

हा माग पहिल्यांदा नीट रुजला तो हॉलंडमध्ये, लायडन शहराच्या परिसरात, सतराव्या शतकाच्या आरंभी. म्हणूनच इंग्रज त्याला ‘डच माग’ म्हणत. तिथेही विणकरांचे दंगे झाले. हॉलंडच्या संसदेनं 1623 मध्ये, 1639 मध्ये आणि पुढेही अनेक फर्मानं काढून त्याच्यावर बंधनं घातली. अखेर 1661 मध्ये काही अटींवर मोकळीक दिली. कोलोन शहरानं 1676 मध्ये बंदी आणली. 1685 मध्ये सम्राटाच्या आज्ञेनं सबंध जर्मन साम्राज्यात हा माग निषिद्ध ठरला आणि 1719 मध्ये सम्राट सहाव्या चार्ल्सनं ती आज्ञा पुन्हा जारी केली. हॅम्बुर्गच्या नगरसभेनं तर माग भर चौकात जाळायला लावला. सॅक्सनीमध्ये तो उघडपणे वापरायची परवानगी मिळायला 1765 साल उजाडलं.

एकच बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागते, याचा अर्थ ती पाळली जात नव्हती. तशी ती पाळली जाणं अवघडच. चांगली फीत हातात घेतली तर ती एकट्या मागावर विणलेली की वीसजणींबरोबर, हे ग्राहकाला कळत नाही आणि जकात नाक्यावरच्या कारकुनालाही नाही. त्याला फक्त एक गोष्ट कळते: ही स्वस्त आहे.

लंडनमध्ये राजाज्ञेची वाट कोणी पाहिली नाही. ऑगस्ट 1675 मध्ये शहराच्या पूर्वेकडच्या वस्त्यांतले विणकर टोळ्या करून बाहेर पडले. ज्यांच्या घरी हे ‘इंजिन माग’ होते त्यांची दारं फोडून त्यांनी ते बाहेर ओढले आणि रस्त्यात पेटवून दिले. हा प्रकार तीन दिवस चालला. इथे इंजिन म्हणजे वाफेचं नव्हे. त्या काळी कुठल्याही क्लृप्तीच्या यंत्राला इंजिन म्हणत. वाफेचा या धंद्याशी संबंध यायला अजून दीडशे वर्षं होती. दंगेखोरांचा राग यंत्रावर होता तितकाच ते आणणाऱ्या परदेशी कारागिरांवरही होता. यंत्र आणि परका माणूस एकाच जहाजातून उतरले, की लोक दोघांना एकाच दंडुक्यानं हाणतात. हे त्यानंतरही कित्येकदा घडलं आहे.

याच काळात स्वित्झर्लंडच्या उत्तर टोकावर, ऱ्हाइनकाठच्या बाझल शहरात मात्र वेगळं नाटक रंगत होतं. एमान्युएल हॉफमन नावाच्या तरुण व्यापाऱ्यानं 1667 च्या सुमारास हॉलंडमधून असा एक माग चोरून आणला. बाझलमधल्या फीतकारांच्या गिल्डनं ओरड केली, अर्ज-विनंत्या झाल्या. पण बाझलची नगरसभा व्यापाऱ्यांची होती. तिनं दोन्ही बाजू ऐकल्यासारखं केलं आणि यंत्र चालू ठेवलं. सम्राटाचं 1685 चं फर्मान आलं तेव्हा बाझलला त्याची फारशी फिकीर करायचं कारण नव्हतं. सदतीस वर्षांपूर्वी, 1648 च्या वेस्टफालियाच्या तहात, बाझलचेच नगराध्यक्ष योहान रुडॉल्फ वेटश्टाइन यांनी स्विस प्रदेशांना साम्राज्याच्या न्यायालयांपासून मोकळं करून घेतलं होतं. ते करताना फितींचा विचार वेटश्टाइनच्या मनातही नसेल. फायदा मात्र फितीवाल्यांना झाला: शेजारचं अख्खं साम्राज्य ज्या यंत्राला घाबरत होतं ते यंत्र त्याच्या वेशीवर, पण त्याच्या कायद्याबाहेर, खटखट चालत होतं.

बाझलच्या व्यापाऱ्यांनी कारखाने बांधले नाहीत. त्यांनी माग शहराबाहेरच्या डोंगराळ खेड्यांत शेतकऱ्यांच्या घरी नेऊन ठेवले. माग व्यापाऱ्याच्या मालकीचा, रेशीम व्यापाऱ्याचं, नक्षी व्यापाऱ्याची. शेतकऱ्याची फक्त खोली आणि घरातल्या सगळ्यांचे हात. आठवड्याला ठरावीक गाडीवान खेड्यातून विणलेल्या फिती शहरात नेई आणि येताना रेशमाच्या लडी नि मजुरी घेऊन येई. शहरातल्या गिल्डचा काटा अशा रीतीनं परस्पर निघाला, कारण खेड्यात गिल्ड नव्हतंच. विणकराच्या दृष्टीनं पाहिलं तर दांडी त्याच्या हातात होती, पण जिला ती जोडलेली होती ती चौकट कधीही उचलून नेता आली असती.

या व्यवस्थेतून किती पैसा उभा राहिला ते आजही बाझलमध्ये दिसतं. लुकास आणि याकोब सारासीन या फितीवाल्या भावांनी 1763 ते 1775 या काळात ऱ्हाइनच्या उंच काठावर एकमेकांना लागून दोन वाडे बांधले, एक निळा, एक पांढरा. फितींच्या या मालकांना लोक ‘फितींचे साहेब’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दानं ओळखत. 1833 मध्ये खेडी आणि शहर यांच्यात लढाई झाली आणि बाझलचे दोन वेगळे प्रांत झाले. राजकारणात खेडी स्वतंत्र झाली. घरातले माग मात्र शहरातल्या साहेबांचेच राहिले.

मधल्या काळात यंत्राच्या सुधारणांचं काम थांबलं नव्हतं. धावता धोटा करणाऱ्या जॉन के यानंच 1745 मध्ये जोसेफ स्टेल याच्याबरोबर फितीच्या मागाचं पेटंट घेतलं. त्यात पायपट्ट्यांचं काम फिरत्या दांड्यावरच्या ठोकळ्यांकडे सोपवलं होतं, म्हणजे सबंध माग एका फिरत्या चाकाला जोडता येत होता. मग ते चाक माणसानं फिरवा की पाण्यानं. मँचेस्टरच्या परिसरात पुढे पाणचक्कीवर फितींचे माग चालवून पाहिलेही गेले. त्यातून फारसं हाती लागलं नाही. प्रत्येक मागापाशी तुटलेले धागे जोडायला एक माणूस उभा करावाच लागे. तो उभाच आहे तर दांडीही त्यालाच हलवू दे, इतका साधा हिशेब होता. यंत्र शक्य झालं म्हणून ते लगेच परवडतं असं नाही.

फ्रान्समध्ये सांत-एतिएन हे फितींचं शहर. तिथं स्विस धर्तीचा माग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला आणि तो ‘झुरिकचा माग’ म्हणूनही ओळखला जाऊ लागला. तिथल्या सुतार-लोहारांनी तो आपलासा केला आणि 1820 नंतर त्यावर जाकारचं यंत्र बसवलं. ल्यॉनच्या जाकारनं 1804 च्या सुमारास उभी केलेली ही युक्ती म्हणजे छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. छिद्र असेल तिथला धागा वर, नसेल तिथला खाली, म्हणजे फुलं-पानं-पाखरं हवी तशी विणता येतात. रुंद कापडावर जाकार बसवला तर शेकडो धाग्यांना स्वतंत्र दोरी लागते. फितींच्या मागावर शेजारच्या सगळ्या फितींवर तीच नक्षी असते. म्हणून एकाच दोरीला पहिल्या फितीचा पाचवा धागा, दुसरीचा पाचवा, तिसरीचा पाचवा, असे सगळे बांधता येतात. एक पुठ्ठा फिरला की वीस फितींवर एकदमच गुलाबाची पाकळी उमटते. नक्षी विणण्याचा खर्च वीस ठिकाणी वाटला जातो. श्रीमंतांची फीत मध्यमवर्गीय बाईच्या टोपीपर्यंत पोहोचली ती इथून.

सांत-एतिएनच्या विणकराची एक गोष्ट बाझलपेक्षा निराळी होती. बहुतेक वेळा माग त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे. जाकारसकटचा माग उंच, म्हणून त्याच्या घराचं छतही उंच आणि खिडक्या लांबलचक. शहरातल्या टेकड्यांवर अशी घरं अजून उभी आहेत; खिडक्यांच्या उंचीवरून ओळखू येतात. राहतं घर, कर्ज, मुलांची शिक्षणं, सगळं त्या चौकटीवर. या मालकीला पुढे फार महत्त्व येणार होतं.

इंग्लंडमध्ये फितींचं शहर होतं कॉव्हेंट्री. तिथं दोन प्रकारचे विणकर होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नसे. शहरात इंजिन माग चालवणारे, उमेदवारी केलेले पुरुष. आजूबाजूच्या बेडवर्थ, नन्नीटन अशा गावांत एका वेळी एकच फीत विणणारे, त्यात बायका फार. परदेशी रेशमी मालाला इंग्लंडात 1766 पासून बंदी होती, त्यामुळे कॉव्हेंट्रीचं बरं चाललं होतं. नेपोलियनच्या युद्धांच्या शेवटी, 1813 ते 1815 मध्ये, कडेला मोठे वळसे असलेल्या रुंद फितींची फॅशन आली आणि इतकं काम आलं, की लोक पुढे कितीतरी वर्षं त्या काळाची आठवण काढत. मग फॅशन गेली. 1826 मध्ये सरकारनं आयातबंदी उठवली आणि तिच्या जागी जकात बसवली. सांत-एतिएन आणि बाझलच्या फिती बाजारात आल्या.

कॉव्हेंट्रीच्या विणकरांचं हत्यार होतं दरपत्रक. कुठल्या फितीला किती मजुरी, हे मालक आणि कामगार मिळून ठरवत. दरापेक्षा कमी देणाऱ्या मालकाला किंवा कमी घेणाऱ्या विणकराला गाढवावर उलटं बसवून गावभर धिंड काढायची तिथं रीत होती; ही शिक्षा आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. या शहरात जोसाया बेक यानं वाफेवर चालणारे फितींचे माग उभे केले. 7 नोव्हेंबर 1831 रोजी दरांसाठी भरलेल्या विणकरांच्या सभेतून जमाव थेट त्याच्या कारखान्यावर गेला. माग फोडले, रेशीम कापून टाकलं आणि इमारतीला आग लावली. तिघांना फाशीची शिक्षा झाली. पुढे ती बदलून काळ्या पाण्याची झाली. कायदा जिंकला. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षं शहरात वाफेचा नवा कारखाना काढायला कोणी धजावलं नाही.

पण कॉव्हेंट्रीनं वाफेला शेवटी घरात घेतलं, आणि ज्या रीतीनं घेतलं ती या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी कल्पना आहे. 1850 च्या दशकात शहरात ओळीनं घरं बांधली जाऊ लागली. खाली दोन मजले राहायला, वरचा मजला मागाला, त्याला मोठमोठ्या खिडक्या. ओळीच्या एका टोकाला एकच वाफेचं इंजिन, आणि त्याचा फिरता दांडा सगळ्या घरांच्या वरच्या मजल्यांतून भिंतींना भोकं पाडून आरपार गेलेला. विणकर घराच्या भाड्याबरोबर आठवड्याला वाफेचंही भाडं भरायचा आणि आपला माग त्या दांड्याला पट्ट्यानं जोडायचा. किती वाजता सुरू करायचं, जेवायला कधी थांबायचं, मुलाला कोणत्या कामाला लावायचं, हे त्याचं तो ठरवायचा. अर्थात इंजिन बंद झालं की सगळ्यांचं काम बंद. ईलाय ग्रीन यानं हिलफिल्ड्स भागात घरांचा त्रिकोण बांधून मधोमध इंजिन बसवलं. जॉन आणि जोसेफ कॅश या क्वेकर भावांनी 1857 मध्ये कालव्याच्या काठी शंभर घरांची योजना आखली. त्यांतली अठ्ठेचाळीसच उभी राहिली.

कारखान्याचा वेग आणि घराची मोकळीक, दोन्ही एकत्र. हा प्रयोग किती टिकला असता हे पाहायला त्याला पुरती तीन वर्षंसुद्धा मिळाली नाहीत. 1860 च्या जानेवारीत ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात व्यापारी करार झाला आणि परदेशी रेशमावरची उरलीसुरली जकात गेली. त्याच उन्हाळ्यात दरपत्रकावरून मोठा संप झाला, तो फसला आणि दरपत्रक कायमचं मोडलं. फ्रेंच फिती नक्षीत सरस, बाझलच्या फिती किमतीत स्वस्त. कॉव्हेंट्रीच्या रस्त्यांवर गरिबांसाठी सूप वाटण्याची केंद्रं उघडली, हजारो लोकांनी गाव सोडलं, कित्येकजण अमेरिकेला गेले. कॅश बंधूंच्या घरांच्या वरच्या मजल्यांमधल्या भिंती पाडून शेवटी तिथं सरळ कारखानाच झाला. लहानपणी कॉव्हेंट्रीत शिकलेल्या जॉर्ज इलियटनं दहा-बारा वर्षांनी ‘मिडलमार्च’ कादंबरी लिहिली, तिच्यातले खाऊनपिऊन सुखी विन्सीसाहेब रेशमी फितींचेच कारखानदार आहेत. ती गोष्ट घडते 1830 च्या आसपास. वाचकांना मात्र त्या धंद्याचं पुढे काय झालं ते ठाऊक होतं.

या पडझडीतून थॉमस स्टीव्हन्स नावाच्या कारखानदारानं वाट काढली. टोपीला फीत नको असेल तर फीत चित्रासाठी विणू, असं त्यानं ठरवलं. 1862 मध्ये त्यानं जाकारच्या मागावर विणलेल्या रेशमी पुस्तकखुणा बाजारात आणल्या: वाढदिवसाच्या शुभेच्छा, धार्मिक वचनं, प्रसिद्ध माणसांचे चेहरे. 1879 मध्ये यॉर्कच्या प्रदर्शनात त्यानं माग आणून लोकांसमोर चित्रं विणून दाखवली. घोडागाडीचं एक आणि घोडा उधळत निघालेल्या दरोडेखोर डिक टर्पिनचं एक. लोकांनी ती चौकटीत लावून भिंतीवर टांगली. कॉव्हेंट्रीतले बाकीचे हात घड्याळांकडे वळले, शिवणयंत्रांकडे आणि मग सायकलींकडे. 1861 साली शिवणयंत्रांसाठी निघालेल्या तिथल्या एका कंपनीनं त्या दशकाच्या अखेरीस सायकली बनवायला घेतल्या आणि त्यातून ते शहर पुन्हा उभं राहिलं.

वाफेला जे कॉव्हेंट्रीत जमलं नाही ते सांत-एतिएनमध्ये विजेनं करून दाखवलं. 1890 च्या दशकात तिथल्या विणकरांनी आपल्या घरातल्या मागांना लहान विद्युत मोटारी जोडायला सुरुवात केली. इंजिनाजवळ राहायची गरज नाही, भिंतीतून दांडा न्यायची गरज नाही. दोन तारा घरात आल्या की झालं. माग स्वतःचा असल्यामुळे मोटार बसवायची की नाही हा निर्णयही विणकराचाच होता, आणि त्यानं तो झपाट्यानं घेतला. बाझलच्या खेड्यांतही वीज आली. तिथं ग्रामीण वीज संस्था उभ्या करण्यामागे घरातले माग हे मोठं निमित्त होतं. ज्या यंत्रानं घरगुती विणकराला संपवावं अशी तीनशे वर्षं सगळ्यांची खात्री होती, त्याच यंत्राला मोटार लागली तेव्हा घरगुती विणकर आणखी पिढी-दोन पिढ्या टिकला.

तोवर बाझलच्या पैशानं दुसरी वाट धरली होती. फिती रंगवाव्या लागतात, आणि फॅशन रंगावर चालते. ल्यॉनहून आलेले रेशीम-रंगारी अलेक्झांडर क्लाव्हेल यांनी 1859 मध्ये बाझलमध्ये फुक्सिन हा झगझगीत किरमिजी कृत्रिम रंग बनवायला सुरुवात केली. त्या कामातून पुढे 1884 मध्ये जी कंपनी आकाराला आली तीच नंतर ‘सिबा’ या नावानं ओळखली गेली. रंगांपासून औषधांकडे जाणं रसायनतज्ज्ञांना अवघड गेलं नाही. मुंबईत गोरेगावला 1963 मध्ये सिबाचं संशोधन केंद्र उघडलं, तेव्हा तिथं औषधी रेणू शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांपर्यंत येणारा हा धागा बाझलच्या फितींपासून निघाला होता. 1996 मध्ये सिबा-गायगी आणि सँडोझ यांच्या विलीनीकरणातून नोव्हार्टिस झाली. त्या कंपनीच्या मुख्यालयाचं शहर अजून बाझलच.

रेशमी फितीला शेवटी कोणत्याही यंत्रानं मारलं नाही. पहिल्या महायुद्धानंतर बायकांनी केस कापले, टोप्या लहान आणि साध्या झाल्या, झग्यांच्या कडा उतरल्या. 1920 च्या दशकात बाझलचा धंदा कोसळला तो इतक्या वेगानं, की खेड्यांतले माग जळणाला गेले. काही माग लीस्टालच्या संग्रहालयात पोहोचले.

फितीचा माग मात्र मेला नाही. त्याचं गिऱ्हाईक बदललं. चेनची पट्टी, सदऱ्याच्या कॉलरमागचं लेबल, गाडीतला सीटबेल्ट, दप्तराचा पट्टा, कमरेचं इलॅस्टिक, सगळं अरुंद मागावरचंच विणकाम. बाझलपासून जवळच, फ्रिक गावात, 1887 मध्ये याकोब म्युलर यांनी काढलेला मागांचा कारखाना आजही अशाच यंत्रांसाठी ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मागांवरून धोटाच नाहीसा झाला. त्याच्या जागी एका बाजूनं वाकडी सुई आत येते, बाण्याचा दुहेरी फास ठेवते आणि परत जाते. पलीकडच्या कडेला आकडीची दुसरी सुई तो फास पकडून आधीच्या फासात अडकवते. सरकवायचा धोटाच उरला नाही, त्यामुळे वेग कितीतरी पटींनी वाढला. या दोन सुयांमुळेच अशा पट्टीची एक कड साधी दिसते आणि दुसरीवर बारीक साखळीसारखे टाके असतात. बाणा तुटला की ते टाके उसवण्याची भीती असते, त्यामुळे बऱ्याच मागांवर त्या कडेला एक जादा दोरा विणून कड बंद करतात. पाठीवरच्या बॅगेचा पट्टा उलटून दोन्ही कडा निरखल्या, की तो कोणत्या मागावर निघाला ते लगेच सांगता येतं.